नाथांच्या घरी पाणी भरायला

वाटूर फाट्यावर दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक जालन्याहून मंठ्याकडे जाणारा, दुसरा खाली परतूरला उतरणारा. शेगाव-पंढरपूर असा जो नवा रुंद सिमेंटचा मार्ग झाला, तोही लोणार, मंठा करत इथं येतो आणि परतूर-माजलगावच्या दिशेनं वळतो. नाव दिंडी मार्ग, पण दिवसभर त्यावरून धावतात उसाच्या ट्रॉल्या, कापसाच्या गाड्या आणि सळयांचे ट्रक. वारकरी कडेच्या मातीनंच चालतो, कारण तापलेल्या सिमेंटवर अनवाणी पाऊल ठरत नाही. रस्ता आखणाऱ्यांनी कधी चप्पल काढून पाहिलं असतं, तर कडेला दोन हात मुरूम तरी सोडला असता.

आषाढात आमच्या भागातली सगळी तोंडं पंढरपूरकडे असतात. फाल्गुनात ती वळतात पैठणला. फाल्गुन वद्य षष्ठी ही नाथषष्ठी. एकनाथ महाराजांनी याच तिथीला गोदावरीत देह ठेवला, शके १५२१, म्हणजे इसवी सन १५९९. वारकरी मंडळी या तिथीला पंचपर्वा म्हणतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, गुरुशिष्यांची भेट, स्वामींची समाधी आणि नाथांची जलसमाधी, सगळं एकाच तिथीला. इतिहासाचा मास्तर याला मान डोलावणार नाही, पण षष्ठीला निघालेल्या माणसाला मास्तरांची परवानगी लागत नाही.

माझ्याबरोबर आत्या होती. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची. एस.टी.त तिचं तिकीट फुकट, आणि २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झाल्यामुळे माझं अर्धं. अर्ध्या माणसाच्या भाड्यात दोघी पैठणला चाललो म्हणून ती स्टँडपासूनच खूश होती. पूर्वी ती दिंडीबरोबर चालत जायची. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. चालणं सुटलं तरी नेम सुटला नाही. नाथवाड्यातल्या रांजणात एक घागर पाणी ओतायचं, बस. बाकी दर्शन, कीर्तन, काला हे सगळं तिच्या लेखी वरकड.

फाट्यावरून जालन्याची गाडी भरून आली. दोन्ही बाजूंना गव्हाची सोंगणी चाललेली, हरभरा उचललेला, कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाला लावलेले. मधूनच मोसंबीची बाग, आंब्या बहराच्या बोराएवढ्या फळांची. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण उन्हाळ्यात टँकरनं बाग जगवताना शेतकऱ्याला ते मानांकन कुठल्या खिशात ठेवायचं हे कळत नाही. रामनगरच्या पुढं शहराच्या कडेला लोखंडाच्या रोलिंग मिलांची धुरकट रांग. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण कधीची असेल ती असो. आमच्या पिढीला जालना आठवतं ते २०१२-१३ च्या दुष्काळानं. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव कोरडा, बागा कुऱ्हाडीनं तोडलेल्या आणि चौकाचौकात टँकरभोवती प्लास्टिकच्या घागरींची झुंबड. पुढं पैठणहून, जायकवाडीतून, नळयोजनेनं पाणी आलं. म्हणजे आम्ही षष्ठीला जिथं घागर ओतायला जातो, तिथूनच आमच्या जिल्ह्याच्या गावाला पाणी येतं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, “मंग बरोबरच हाय की. घेतो तर द्यायला नको?”

जालन्याच्या स्टँडवर षष्ठीच्या जादा गाड्या लागल्या होत्या. अंबडपर्यंत उभं राहून, तिथं मत्स्योदरीच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडून, पुढं पाचोडला जागा मिळाली. अंबडच्या खालच्या शिवारात जायकवाडीचा डावा कालवा फिरतो. हा कालवा दोनशे आठ किलोमीटरचा, पार परभणीपर्यंत जाणारा. घनसावंगी आणि परतूरच्या गोदाकाठाला ऊस उभा आहे तो त्याच्या जिवावर. वाटूरच्या बाजूला त्याचं पाणी चढत नाही. एकाच तालुक्यात कालव्याखालचे आणि कालव्यावरचे अशा दोन जाती पडतात, आणि सोयरीक जमवताना कोण कुठल्या जातीतला हे आधी विचारलं जातं.

पाचोड-पैठण रस्त्यावर गाडी अशी काही आदळत होती की मला त्या नाव न कळलेल्या ग्रीक व्यापाऱ्याची आठवण झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यानं अरबी समुद्रातल्या व्यापाराची वाटाडी वही लिहिली, ‘पेरिप्लस’. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, असं तो लिहितो. तिथून रंगीत पट्ट्यांच्या मौल्यवान दगडांचा माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, बंदरावर येतो असंही लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या तक्रारीला माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाईनं, डोकं खिडकीवर आपटल्यावर, नव्यानं दुजोरा दिला.

प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं आपल्या भूगोलात हिची नोंद केली ती श्री पुळुमावी राजाचं ठाणं म्हणून. याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह. त्यात शेतं आहेत, पाणवठे आहेत, खेड्यातल्या बायका आहेत. राजाच्या नावावर पुस्तक आणि आत राजवाड्याचा पत्ता नाही. आपल्याकडच्या लिहित्या लोकांनी यावर अजून पुरेसा विचार केलेला नाही, असं माझं मत आहे.

त्या राजधानीचं आज काय दिसतं? गावालगत पांढरीच्या टेकाडांचा एक भाग आहे, त्याला लोक पालथी नगरी म्हणतात. कुणाच्या तरी शापानं नगरी उलटी झाली अशी गोष्ट सांगतात. खापरांचे तुकडे, जुन्या विटांचे थर, एक कोरीव तीर्थखांब. निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं १९३० च्या दशकात इथं उकरून पाहिलं, नंतरही खणलं गेलं. गावाचा सविस्तर इतिहास लिहिला रा. श्री. मोरवंचीकरांनी, आणि त्याच माणसानं पुढं भारतीय जलसंस्कृतीचा अभ्यास केला हा मला योगायोग वाटत नाही. पैठणचा अभ्यास करणारा पाण्यापाशी येतोच.

आम्ही उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नदीच्या बाजूला, समाधी मंदिराच्या भोवती, दिंड्यांच्या राहुट्या पडल्या होत्या. प्रत्येक राहुटीवर गावाचं नाव रंगवलेलं, बाहेर पताका टेकवून ठेवलेल्या, आत वीणा जमिनीला न टेकता एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणारी. बीड, परभणी, नगर, जालना. परतूरकडच्या एका दिंडीत आत्याच्या सासरकडचं माणूस होतं, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न मिटला. चहा झाला, कुणाची सून बाळंत झाली आणि कुणाचा बैल मेला याचा हिशेब झाला. मग आत्या उठली. “आधी आतलं, मंग बाहेरचं,” म्हणाली.

पैठणला नाथांची दोन ठिकाणं आहेत. बाहेरचं म्हणजे नदीकाठचं समाधी मंदिर. आतलं म्हणजे गावातला नाथवाडा, जिथं नाथ राहिले ते घर. सरकारी फलक आणि पर्यटकांच्या गाड्या बहुतेक बाहेरच्या मंदिराशी थांबतात. वारकऱ्याचा जीव आतल्यात.

जुन्या गावाच्या बोळांतून जायचं. दोन्ही बाजूंना लाकडी खणाची घरं, काही सावरलेली, काही ढासळलेली. मधेच बत्तासे आणि गाठ्यांचं दुकान, बुक्का, तुळशीच्या माळा, पितळी टाळ, मोबाइलची कव्हरं. बोळ इतका अरुंद की एका दिंडीचा विणेकरी समोरून आला तर दुसरीनं भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. आणि मग एकदम तुम्ही कुणाच्या तरी घरात शिरता. देवळात आल्यासारखं वाटतच नाही. ओटा, खांब, माजघर. नाथांच्या पूजेतला विजयी पांडुरंग तिथं आहे. त्यांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणली, अशी परंपरा आहे. म्हणजे विठ्ठलाशी या घराचा संबंध चार पिढ्यांचा. आणि एका बाजूला तो रांजण.

गोष्ट सर्वांना माहीत आहे. द्वारकेचा कृष्ण श्रीखंड्या नावाचा गडी होऊन नाथांच्या घरी राहिला आणि बारा वर्षं कावडीनं गोदावरीचं पाणी आणून हा रांजण भरत राहिला. नाथांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते आणि लोक पाणी ओतायला लागतात. षष्ठीच्या सुमाराला तो भरून वाहतो. देवानं स्वतः येऊन शेवटची घागर ओतली की तो भरतो, ही श्रद्धा. हजारोंनी ओतूनही भरत नाही आणि एका घागरीनं भरतो, त्या घागरीवाला तो. ती घागर कुणाची हे कुणालाच कळत नाही, म्हणून प्रत्येकाला आपल्या घागरीबद्दल थोडा संशय असतो. आत्याच्या तोंडावर तो मला स्पष्ट दिसला.

रांग हलत होती. पुढच्या पोरानं स्टीलची कळशी आणलेली, मागच्या बाईनं नवा तांब्या. एका म्हाताऱ्याकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. कुणी त्याला हटकलं नाही. आत्यानं नदीवरून भरून आणलेली छोटी पितळी घागर दोन्ही हातांनी उचलली. मी मदतीला हात पुढं केला तर तिनं कोपरानं बाजूला सारला. ओतलं. मग रिकामी घागर उपडी करून शेवटचे थेंबही झटकले, घरी पाहुण्यांना वाढून झाल्यावर पातेलं निपटावं तसं.

मी तिथं उभी राहून मोजत होते की नाथांच्या नावावरच्या किती गोष्टी पाण्याच्या आहेत. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेले नाथ वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला ती पाजतात. अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न चिडता ते पुनःपुन्हा गोदावरीत उतरतात, एकशे आठ वेळा. वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारं महाराचं पोर उचलून घरी पोचवतात तेव्हा ते नदीवर स्नानालाच आलेले असतात. आणि अखेर पाण्यातच जातात. देवाला या घरात काम मिळतं तेही पाणक्याचं. पुराणातला देव कुठं सारथी होतो, कुठं गुराखी. पाण्याची खेप टाकणारा देव दुष्काळी मुलखालाच सुचू शकतो.

नाथ संन्यासी नव्हते. वैजापूरकडच्या गिरिजाबाईंशी लग्न झालेलं, मुलं-मुली, पंगती उठणारं घर, श्राद्धपक्ष, आणि त्या श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांच्या आधी अस्पृश्यांना वाढलं म्हणून गावाचा बहिष्कार. या सगळ्यात बसून त्यांनी लिहिलं. ‘एकनाथी भागवत’ काशीला पुरं झालं, १५७३ मध्ये. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहून शुद्ध प्रत तयार केली. आज आपण जी ज्ञानेश्वरी हातात धरतो तिच्यामागं हे संपादन उभं आहे. ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अर्धं राहिलं, ते पुरं केलं गावबानं. हा गावबा म्हणजे रोज पुरणपोळी मागणारं, लोकांनी वेडं ठरवलेलं पोरगं. घरात पुरण रोज शिजतं म्हणून ते नाथांकडे आलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गावबाला दोन ओळी मिळतात. मला तो फार मोठा वाटतो, आणि रोज पुरण वाटणाऱ्या गिरिजाबाई त्याहून.

रात्री राहुटीत पिठलं-भाकरी झाली. बाहेर भारूड रंगलं होतं. लुगडं नेसलेला एक मिशाळ गडी विंचवाचं भारूड करत होता, आणि पोरं हसून लोळत होती. तेवढ्यात भाचीचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. ती गेल्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेलाला चालत जाऊन आली होती. येशूचा शिष्य संत याकोब याचं थडगं तिथं आहे, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. नवव्या शतकात ते सापडल्याचं सांगतात, त्यावर देऊळ झालं, देवळाभोवती गाव वसलं, आणि युरोपभरच्या वाटा त्या गावाकडे वळल्या. वाटेवर शिंपल्याची खूण असते. चालणाऱ्याजवळ एक पुस्तिका असते, मुक्कामा-मुक्कामाला तिच्यावर शिक्के मारून घ्यायचे. निदान शंभर किलोमीटर चालल्याचे शिक्के दाखवले की शेवटी लॅटिनमध्ये नाव घातलेलं प्रशस्तिपत्र मिळतं. २०२४ मध्ये असे जवळपास पाच लाख लोक तिथं पोचले. भाचीनं सारिया नावाच्या गावापासून चालायला सुरुवात केली होती, कारण तिथून अंतर शंभराच्या जरा वर भरतं.

तिनं कॅमेऱ्यासमोर ते पत्र धरलं. आत्यानं चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, “चालल्याची पावती देतात? मंग देव काय कंडक्टर हाय का?”

राहुटीत हशा पिकला. भाची रागावली नाही. म्हणाली, तिथल्या मोठ्या देवळात छताला दोरानं टांगलेलं माणसाच्या उंचीचं धूपपात्र आहे, आठ जण मिळून ते झोक्यासारखं हलवतात. पूर्वी महिनोन् महिने चालून आलेल्या यात्रेकरूंच्या घामाचा वास मारायला ते ठेवलं होतं म्हणतात. हे आत्याला पटलं. “हे शहाणपणाचं हाय,” ती म्हणाली आणि राहुटीतल्या पुरुषांकडे बघून तिनं नाकाला पदर लावला.

झोप येईपर्यंत मी त्या दोन गावांचा विचार करत होते. सांतियागोत आधी थडगं सापडलं आणि मग शहर उभं राहिलं. पैठणचं उलट. इथं नाथ जन्मायच्या आधी दीड हजार वर्षं शहर होतं. राजे होते, टांकसाळ होती, रोमपर्यंत जाणारा माल होता, धर्माचे निकाल देणारी पंडितांची सभा होती. यादवांच्या काळापर्यंत त्या सभेचा दबदबा एवढा की आळंदीहून संन्याशाची चार पोरं शुद्धिपत्र मागायला इथं आली. नागघाटावर ज्ञानदेवांनी रेड्याकडून वेद बोलवले ही कथा त्या वेळची. शके १२०९ हे शुद्धिपत्राचं साल सांगतात. आज नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे आणि लोक तिला हळद-कुंकू लावतात. सभा भरवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव यात्रेकरूला ठाऊक नाही. पंडित गेले, राजे गेले, व्यापार गेला. एका गृहस्थाचं घर राहिलं, आणि त्याच्या नावानं गाव. पैठणच्या तरुण पोरांशी बोलताना ‘सातवाहनांची राजधानी’ हे शब्द फार येतात, स्वागतकमानीवरही तेच. पण कमानीखालून लाखो माणसं येतात ती सातवाहनांसाठी नव्हे.

पैठणीचंही तसंच झालं. पेशव्यांनी आणि निजामांनी पोसलेली ही वीण मधल्या काळात इतकी रोडावली की मागाची खडखड ऐकायची तर येवल्याला जावं लागायचं. आता पैठणमध्ये सरकारी केंद्रात पुन्हा माग चालतात. मी सकाळी जाऊन आले. बांगडी मोर, असावली, मुनिया, नारळी काठ. पदराचा एक मोर विणायला लागणारा वेळ बघितला की किमतीबद्दल बोलायची लाज वाटते. तरी बोलले. घेतली नाही. आत्या म्हणाली, “रेशमाला घाम सोसत नाही, आपल्याला ते काय कामाचं?”

षष्ठीच्या सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी होतं, कारण सोडलं होतं. पैठणच्या घाटापुढची गोदावरी ही आता स्वतः वाहत येणारी नदी नाही. गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे, आणि षष्ठीच्या स्नानासाठी तिथून पाणी सोडावं लागतं. आधी महिनाभर त्याच्या मागण्या, निवेदनं, बैठका. नाथ ज्या वाळवंटातून नदीवर जात ते वाळवंट आणि ती नदी, दोन्ही आज पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर आहेत. कडेचं पाणी शेवाळलेलं होतं, फुलांचा आणि कापडाचा खच होता. तरी बायका डोक्यावरून पाणी घेत होत्या. समाधी मंदिरात रांग इतकी लांब की आत्यानं कळसाला हात जोडले आणि “आतलं झालंय,” म्हणून विषय संपवला.

मला धरण बघायचं होतं. रिक्षावाला म्हणाला, बागेत जायचं का? धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, एके काळी कारंज्यांसाठी शाळांच्या सहली यायच्या. बाग नको, भिंत दाखव म्हटलं.

मातीचं धरण, दहा किलोमीटरच्या आसपास लांब, मधे सत्तावीस दरवाजांचा सांडवा. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ ला पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ ला लोकार्पण. जायकवाडी हे नाव पैठणजवळच्या कुठल्या गावाचं नाहीच. बीड जिल्ह्यातल्या जायकूची वाडीजवळ हे धरण आधी व्हायचं होतं. जागा बदलली, नाव कागदावर तसंच राहिलं. पाणी अडलं तेव्हा शंभराच्या वर गावं त्याखाली किंवा त्याच्या काठाला आली आणि उठली. सपाट मुलूख असल्यामुळे पाणी खोल नाही, पसरट आहे. समुद्रासारखं दिसतं म्हणून नाथसागर. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पसरट पाण्याचा तोटा असा की उन्हाळ्यात ते पिकाला जातं त्याच्या बरोबरीनं आभाळातही जातं. आणि भरलं की भीती वेगळी. २००६ च्या ऑगस्टमध्ये दरवाजांतून एवढं पाणी सोडावं लागलं की खालचं पैठणच बुडालं. जुन्या गावातल्या लोकांना अजून त्या पाण्याची रेघ भिंतीवर कुठं होती ते दाखवता येतं.

आत्या भिंतीवर उभी राहून बराच वेळ बघत होती. ७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. खडी फोडायला जायची, सुकडी खायची. या धरणाचं काम तेव्हा चालू होतं. “हे भरलं म्हणजे दुष्काळ सरला, असं सांगायचे,” ती म्हणाली.

परतीच्या गाडीत आमच्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलके. वरच्या अंगाला नाशिक-नगरच्या धरणांत पाणी कसं अडतं, २००५ चा कायदा काय म्हणतो, समन्यायी वाटप म्हणजे काय, मेंढेगिरी समितीनं पासष्ट टक्क्यांची रेघ कशी आखली, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत त्याहून कमी साठा असला तर वरून पाणी सोडायला कसं हवं आणि ते सोडायच्या आधी दर वेळी कोर्टाच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे सगळं त्यांनी पाचोडपर्यंत नीट उलगडून सांगितलं. मला आवडलं. आकडे त्यांना तोंडपाठ होते. जिवंत साठा सत्त्याहत्तर टीएमसीच्या जरासा खाली.

आत्यानं मधेच विचारलं, “एका टीएमशीत घागरी किती बसतात हो?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे दोन हजार आठशे बत्तीस कोटी लिटर. घागर चौदा लिटरची धरली तर दोनशे कोटी घागरी. धरण भरलेलं असलं तर पंधरा हजार कोटींच्या वर. गाडीतल्या चारदोन माणसांनी माना वळवल्या. कुणीतरी “बाप रे” म्हणालं.

“पंधरा हजार कोटी,” आत्यानं हळूहळू उच्चारून पाहिलं. “मंग जालन्यात माझ्या लेकीकडं नळाला आठ-आठ दिवस खाडा काऊन पडतो?”

गृहस्थ म्हणाले, साठवण वेगळी आणि वितरण वेगळं, मधे पंप असतात, वीजबिल असतं, गळती असते. आत्या म्हणाली, श्रीखंड्याला बिल नव्हतं का? ते हसले, चष्मा पुसला, आणि वितरणाची गोष्ट सुरुवातीपासून समजावून सांगायला लागले. वाहिनीच्या व्यासापर्यंत आले होते तोवर अंबड आलं. त्यांचं गाव तेच. पिशवी उचलून “पुढच्या षष्ठीला भेटू, मावशी,” म्हणत ते उतरले, आणि त्यांच्या रिकाम्या सीटवर आत्यानं लगेच पाय लांब केले.